अकरा वेळा विहिरीबाय

त्या वर्षी लग्नाच्या मोसमात वटारपासून नाळ्यापर्यंत आणि आगाशीपासून पार सोपाऱ्यापर्यंत असा एकही मांडव नव्हता, ज्यात क्लिफर्डची बायको खोकली नाही. बायको वारून एकतीस वर्षं झाली होती.

खोकला तसा साधाच होता. कोरडा, दोन ठोक्यांचा, आणि दुसऱ्या ठोक्याच्या मागे बारीकशी शीळ. पण मनवेलपाड्याच्या सिद्धेशने त्यावर ढोल चढवला होता, ताशा चढवला होता, आणि ते दोन ठोके असे काही बसले होते की कोणाला खोकला वाटूच नये. खोकल्याच्या जागी मांडवातली झाडून सगळी मंडळी मूठ तोंडाशी नेऊन कंबरेत वाकत. त्यानंतर गाण्यात एका श्वासाएवढी रिकामी जागा होती. त्या जागेत सगळे हात वर करून ओरडत, "परत!" आणि गाणं पुन्हा उसळे. हे "परत" कोणी सुरू केलं ते नक्की सांगता येत नाही. बोळींजच्या एका हळदीत सुरू झालं म्हणतात.

क्लिफर्ड चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. त्याचं घर केळीच्या वाडीत होतं आणि आवाज अडवायला केळीचं पान कुचकामी असतं. त्यामुळे संध्याकाळी तो ओट्यावर बसला की पश्चिमेकडून त्याची मर्सी, म्हणजे बायको, खोके, थोड्या वेळाने दक्षिणेकडून खोके. कधीकधी दोन मांडव एकाच वेळी लागत, तेव्हा ती दोन्ही बाजूंनी खोके आणि शेकडो माणसं तिला दोन्ही बाजूंनी "परत" म्हणत.

"अरे क्लिफर्ड," कुंपणापलीकडची लूर्डस म्हणाली, "तुझी बायको जिवंत असताना एवढी फिरली नाही रे! काल मर्देसला होती, आज कळंबला."

लूर्डस ऐंशीची. मर्सीबरोबर ती गावातल्या लग्नांत गायची. मर्सी पुढचं म्हणायची, लूर्डस मागचं. आता पुढचं कोणी उरलं नव्हतं, त्यामुळे तिचंही मागचं बंद पडलं होतं.

क्लिफर्डने चौतीस वर्षं गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधकाची नोकरी केली होती. पाठ्यपुस्तकं, दिनदर्शिका, लग्नपत्रिका, चाळिसाव्या दिवसाच्या मिस्साची कार्डं, जे छापायला येई ते आधी त्याच्या डोळ्यांखालून जाई. चूक सापडली की त्याला जेवण गोड लागे. सापडली नाही तर ती कुठे लपली असेल या विचाराने जेवण जात नसे. हा गुण तो रोज संध्याकाळी घरी घेऊन येई. मर्सी सातवी शिकलेली. ती वाणसामानाची यादी लिही, हा तिच्यात लाल शाईने दुरुस्त्या करी, आणि मर्सी तीच लालेलाल यादी दुकानात नेई. दुकानदार म्हणे, "बाई, काय काय रद्द केलंत?" ती म्हणे, "काही नाही. आमच्याकडे तपासून येतं."

आता गाण्याची गोष्ट.

वटारच्या ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात आणि नवरीसाठी पाणी आणतात. त्या वेळची गाणी असतात. मर्सीने त्यासाठी स्वतःचं एक गाणं रचलं होतं. नवरी आपल्या विहिरीचा निरोप घेते, असं:

विहिरीबाय गो विहिरीबाय, सावली माझी राख,
उद्या सकाळी दुसरीच कोणी मारील तुला हाक.

गाणं गावाला इतकं आवडलं की मर्सी नसली तर बायका विहिरीपाशी अडून बसत. त्र्याण्णव सालच्या फेब्रुवारीत लूर्डसच्या नणंदेच्या मुलीचं लग्न निघालं. मर्सीला तेव्हा तीन महिन्यांपासून खोकला होता. आंब्याचा मोहोर आहे, दव आहे, वाडीतल्या फवारणीचा वास आहे, अशी तीन महिन्यांत तीन कारणं झाली होती. विहिरीपर्यंत चालवत नाही, ती म्हणाली. क्लिफर्डला एक उपाय सुचला. मेहुण्याने कुवेतहून आणलेला टेपरेकॉर्डर घरात नवाकोरा पडून होता. गाणं टेप करायचं आणि विहिरीवर कर्ण्यातून लावायचं.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून आल्यावर त्याने खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, कोंबड्या कोंडल्या आणि मर्सीला खुर्चीवर बसवलं. पहिल्या वेळी ती पहिल्याच ओळीत खोकली. दुसऱ्या वेळी शेवटच्या ओळीत. तिसऱ्या वेळी खोकली नाही, पण श्वास मोठा लागला. क्लिफर्डला तोही चालला नाही. दर वेळी तो टेप मागे नेई आणि त्यावरच नव्याने भरी. चौथ्या वेळी ती दुसऱ्या कडव्यानंतर खोकली, तेव्हा त्याने रागाने ती कॅसेटच काढून ठेवली आणि दुसरी घातली. म्हणून चौथी खेप तेवढी राहिली.

अकराव्या वेळी गाणं स्वच्छ आलं. एक डाग नाही. ती कॅसेट लग्नात वाजली, मग लोक मागून नेऊ लागले, आणि शेवटी निर्मळच्या एका घरात ती यंत्रात गुंतून तिचा गुंता झाला. मर्सी त्याआधीच गेली होती. त्याच वर्षी, ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या मंगळवारी. त्या अकराव्या खेपेनंतर तिने एक रुमाल स्वतः धुतला, क्लिफर्डला हात लावू दिला नाही, एवढं त्याला आठवत होतं. तेव्हा त्याला वाटलं होतं, रुसली आहे.

चौथ्या खेपेची कॅसेट कपाटात राहिली. तिच्यावर रोझरीची प्रार्थना भरून घेऊ, असं तो दर वर्षी ठरवी.

एकतीस वर्षांनी ती कॅसेट मागायला आली स्टेफी. क्लिफर्डच्या धाकट्या भावाची नात. तिचं लग्न ठरलं होतं.

"आजोबा, मर्सीआजीचं गाणं आहे ना तुमच्याकडे? मला माझ्या पाण्याला हवंय. तिच्याच आवाजात."

"खराब आहे ती टेप."

"माझ्या कॉलेजचा सिद्धेश आहे ना, त्याचा स्टुडिओ आहे मनवेलपाड्याला. तो सगळं क्लीन करतो."

क्लिफर्डने कॅसेट दिली. देताना त्याचा हात थोडा थांबला, ते स्टेफीला दिसलं. तिला वाटलं, प्रेम.

हात थांबण्याचं कारण निराळं होतं. त्या टेपवर खोकल्यानंतर आणखी एक आवाज होता. तो आवाज म्हणत होता: "झालं! गेली वाया! किती वेळा सांगितलं, येतोय असं वाटलं तर आधी खूण कर. परत! पहिल्यापासून म्हण." आणि त्यावर मर्सी म्हणत होती, "होय."

हे आता साऱ्या गावाला ऐकू येणार, अशा भीतीत क्लिफर्डने एक महिना काढला. मग गाणं आलं. खोकल्यातला ठेका आवडला म्हणून सिद्धेशने तो ठेवला होता आणि गाणं एकटंच सोडलं होतं, सिंगल म्हणून. नाव ठेवलं ‘विहिरीबाय – खोक मिक्स’. स्टेफीने मोबाइल त्याच्या कानाला लावला. मर्सी गायली, खोकली, आणि त्यानंतर होती ती एका श्वासाएवढी रिकामी जागा. क्लिफर्डचा आवाज कोणीतरी उचलून टाकला होता. "होय"सुद्धा त्याबरोबर गेलं होतं.

पहिल्यांदा त्याला हायसं वाटलं. हायसं वाटल्याची लाज वाटायला दोन दिवस लागले. आणि तिसऱ्या दिवशी त्या रिकाम्या जागेत माणसं "परत" ओरडू लागली.

उपवासकाळ लागला तशी ख्रिस्ती लग्नं बंद झाली आणि मर्सीला आमच्या बाजूला चाळीस दिवस विश्रांती मिळाली. रेल्वेच्या पलीकडे, विरार पूर्वेला, हळदी चालूच होत्या; तिथे तिला सुट्टी नव्हती. याच दिवसांत सिद्धेशचा फोन आला. लोक विचारत होते, ही बाई कोण, हा खोकला कुठला. म्हणून त्याला ‘गाण्यामागची गोष्ट’ असा व्हिडिओ करायचा होता.

"काका, तुम्ही फक्त बोला. जे आठवतं ते."

"सगळं बोललं तर चालेल?"

"सगळंच बोला ना!"

त्या रात्री क्लिफर्डने जे बोलायचं ते कागदावर लिहिलं, वाचलं, दोन ठिकाणी दुरुस्त केलं. त्याला एवढंच हवं होतं की ते गाणं ज्याने ज्याने ऐकलं, त्याला तो खोकला कोणाचा आणि ते "परत" कोणाचं हे एकदा कळावं. कळल्यावर कोणाला कंबरेत वाकवणार नाही, असा त्याचा हिशेब होता. फादरकडे कबुली देऊन झाली होती, एकतीस वर्षांत एकतीसदा. पण फादर बिचारे कोणाला सांगत नाहीत.

सिद्धेश आला तो विनिताला घेऊन. ती प्रश्न विचारणार होती. दोघंही गुणी, वाकून नमस्कार करणारी मुलं. वाडीतल्या विहिरीवर लोखंडी जाळी आणि शेजारी पंप होता, ते विनिताला पटेना. तिने लूर्डसकडून पितळेची एक कळशी आणून कठड्यावर ठेवली. क्लिफर्डच्या घरात पाण्याला निळी प्लास्टिकची बादली होती. ती कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून केळीमागे नेण्यात आली.

"काका, मर्सीकाकूंचं आणि तुमचं लव्ह मॅरेज का?"

"नाही. तिच्या मामाने ठरवलं."

"पण मग प्रेम बसलं."

"ते तिला विचारावं लागेल," क्लिफर्ड म्हणाला, आणि कागद काढला.

त्याने सगळं वाचून दाखवलं. खिडक्या, कोंबड्या, चौथी खेप, आपलं वाक्य जसंच्या तसं, तिचं "होय", अकरावी खेप, रुमाल. कुठे अडखळला नाही. वाचून झाल्यावर कागदाची घडी घातली. विनिता रडत होती. सिद्धेश कॅमेऱ्यामागून बाहेर आला.

"काका, खूप रिअल आहे हे."

"यातलं काही गाळू नका. आणि गाण्यात माझा आवाज होता, तो परत घाला."

सिद्धेशने मान खाली घातली. "तो उडवला मी, काका. फाइलमधूनच. कॅसेट पण त्यानंतर मशीनमध्ये तुटली. मला वाटलं, नॉइज आहे."

"बरोबर ओळखलंत," क्लिफर्ड म्हणाला.

व्हिडिओ ईस्टरच्या रविवारी आला. चार मिनिटांचा. त्यात कळशी होती, केळी होती, मागे बासरी होती. क्लिफर्ड म्हणत होता, "मी तिला अकरा वेळा म्हणायला लावलं." मग तो गप्प बसून विहिरीकडे बघत होता; ते बघणं कॅमेरा लावण्याआधीचं होतं, पंप बंद केला की नाही ते तो बघत होता. मग विनिताचा आवाज येई: "एका आवाजावर इतकं प्रेम, की एकदा ऐकून मन भरेना. अकरा वेळा!" खाली लोकांनी लिहिलं होतं की असा नवरा मिळायला नशीब लागतं. एका बाईने आपल्या नवऱ्याचं नाव घालून लिहिलं होतं, शिका जरा.

क्लिफर्डने सिद्धेशला फोन लावला.

"बाकीचं कुठे गेलं?"

"काका, मी आधी पूर्णच ठेवलं होतं, खरंच. आईला दाखवलं. ती म्हणाली, अरे, एवढ्या वयाच्या माणसाला लोक काय काय बोलतील! त्यांना एकटं राहायचंय त्या घरात. म्हणून काढलं. तुमच्यासाठीच काढलं, काका."

क्लिफर्डला चिडायचं होतं. पण मुलाचा आवाज खरोखरच काळजीचा होता, आणि काळजीने केलेल्या कामात खूण कुठे करायची हे त्याला छापखान्याने शिकवलं नव्हतं. "आईला नमस्कार सांग," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

त्या दिवसापासून तो गावातला प्रेमळ नवरा झाला. मिस्साला जाताना तरुण पोरी त्याला हात करत. कॉफीचा कप लोक दोन हातांनी पुढे करत. उमेळ्याच्या एका जोडप्याने तर मुद्दाम येऊन त्याच्या पायांशी फोटो काढला. त्याने दोघातिघांना खरी गोष्ट सांगून पाहिली. ते म्हणाले, "किती विनय!" तेव्हापासून त्याने सांगणं सोडलं.

एप्रिलच्या शेवटी स्टेफीचं लग्न आलं. आदल्या दिवशी, उन्हं कलल्यावर, बायका पाणी आणायला विहिरीवर गेल्या. कर्ण्याच्या जागी डीजेची गाडी होती, माणसाच्या उंचीचे भोंगे होते. क्लिफर्डला पुढे, विहिरीशेजारच्या मांडवाच्या तोंडाशी, सोफ्यावर बसवलं होतं. त्याने लूर्डसला शेजारी बसवून घेतलं, कारण सोफा एकट्यासाठी फार मोठा होता.

डीजेने माइक घेतला. "आज आपल्यामध्ये आहेत विहिरीबायचे खरे हिरो, क्लिफर्ड अंकल! त्यांच्या प्रेमाला सलाम म्हणून आज हे गाणं वाजणार किती वेळा?"

"अकरा!" मांडव ओरडला.

लूर्डस त्याच्याकडे वळली. "अकरा का रे?"

"व्हिडिओ बघितला नाहीस?"

"मला कुठे दिसतंय मोबाइलवरचं! अकरा म्हणजे त्या दिवशीचं का? माझ्या नणंदेच्या मुलीच्या लग्नाच्या वेळचं?"

"तुला काय माहीत?"

"कुंपणाला कुंपण, मला नाही माहीत? मी बाहेर शेवग्याच्या शेंगा सोलत होते. ऐकत होते सगळं. गायची, खोकायची, तू ओरडायचास, परत गायची. मला वाटलं, किती हौस बाई हिला. एकदा मनात आलं, आत जावं, म्हणावं पुरे कर आता. पण हातात शेंगा होत्या."

गाणं सुरू झालं. विहिरीबाय गो विहिरीबाय. पहिल्या खेपेला मांडव वाकला, खोकला, "परत" ओरडला. दुसऱ्या खेपेला वऱ्हाडी मंडळी सामील झाली. तिसऱ्या खेपेला दोन म्हातारे नाचू लागले आणि त्यातला एक खरंच खोकला, तेव्हा सगळे हसले. क्लिफर्ड सवयीने मोजत होता.

चौथी खेप लागली तसा तो उठला.

तो गाडीकडे चालू लागला तशी मंडळींनी वाट करून दिली. हिरो नाचणार म्हणून शिट्ट्या झाल्या. पहिलं कडवं संपलं. त्याने हात पुढे केला, डीजेने आनंदाने माइक दिला. दुसरं कडवं संपलं. मर्सी खोकली, दोन ठोके, मागे शीळ. इतक्या मोठ्या भोंग्यातून ती पोटात लागत होती. मांडव तोंडाशी मूठ नेऊन वाकला. ती एका श्वासाएवढी जागा आली.

"मर्सी, पुरे," क्लिफर्ड म्हणाला. "बस तू. पाणी पी."

माइक चांगला होता. सगळ्यांना ऐकू गेलं. "परत" म्हणायला वर गेलेले हात वरच राहिले. डीजेचं बोट कुठल्याशा बटणावर पडलं आणि गाणं थांबलं. केळीची पानं हलत होती तेवढाच आवाज. त्या शांततेत क्लिफर्डने मान जराशी तिरकी केली. लूर्डस नंतर म्हणाली, तो "होय" ऐकायला उभा होता.

मग मागून कोणीतरी टाळी वाजवली, आणि सगळा मांडव टाळ्या वाजवू लागला. स्टेफी धावत येऊन त्याच्या गळ्यात पडली, तिच्या डोळ्यांतलं काजळ त्याच्या पांढऱ्या शर्टाला लागलं. पंधरावीस मोबाइल वर होते. डीजेने डोळे पुसले, माइक परत घेतला आणि सांगितलं की अंकलच्या इच्छेला मान देऊन उरलेल्या सात खेपा आपण अजून जोरात नाचू.

सातही झाल्या. क्लिफर्ड सोफ्यावर बसून होता. लूर्डसने त्याच्या हाताखाली आपला हात ठेवला होता.

आठवड्याने सिद्धेशचा फोन आला. मांडवातलं ते वाक्य गाण्यात घालायला परवानगी हवी होती. क्लिफर्डने विचारलं, यात काही गाळणार नाही ना? सिद्धेश म्हणाला, एक अक्षर नाही. त्याने शब्द पाळला. नवीन सिंगल आलं, त्यात ते वाक्य जसंच्या तसं आहे, नेमकं त्या रिकाम्या जागेत. पहिल्यापेक्षा जास्त चाललं.

आता वटारपासून सोपाऱ्यापर्यंत कोणत्याही मांडवात मर्सी खोकली की शेकडो माणसं एका सुरात म्हणतात, "मर्सी, पुरे! बस तू! पाणी पी!" क्लिफर्ड ओट्यावर बसून ऐकतो. मुलं, बायका, नवरे, विरारच्या इमारतींतली माणसं, ज्यांनी तिला कधी पाहिलं नाही ती, सगळी तिला अगदी मायेने थांबायला सांगतात.

आणि मग डीजे गाणं पहिल्यापासून लावतो.